लिहिलेला पत्ता, समजलेला पत्ता

आजचा विषय वरवर पाहिला तर दहा मिनिटांचा आहे. प्रोग्रॅममध्ये एक चौकट आहे, तिच्यात कुणीतरी आयपी ॲड्रेस टाइप करणार आहे, आणि तो बरोबर आहे का, हे आपल्याला तपासायचं आहे. राउटरच्या सेटिंगचं पान असो, सर्व्हरची कॉन्फिग फाइल असो, नाहीतर 'या पत्त्यांवरून येणाऱ्यांनाच आत सोडा' अशी यादी असो, हे काम प्रत्येक प्रोग्रॅमरच्या वाट्याला कधी ना कधी येतंच. नोकरीच्या मुलाखतीतही हा प्रश्न आवडीने विचारतात. मी गेली बरीच वर्षं नेटवर्कची साधनं लिहिते, आणि या छोट्याशा चौकटीतून किती मोठी गळती होते, ते मी पाहिलेलं आहे.

सुरुवातीला एक सूचना. व्हिडिओत पडद्यावर पत्ते इंग्रजी अंकांत दिसतात, या पुस्तकात मात्र ते देवनागरीत छापले आहेत. घरी करून बघताना इंग्रजी अंक टाइप करा. हे उगाच सांगत नाहीये, थोड्या वेळाने याच गोष्टीवर यायचं आहे.

आता उजळणी. आयपीव्ही४ ची व्याख्या १९८१ सालच्या आरएफसी ७९१ मध्ये आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ती दस्तऐवजांची मालिका. त्यानुसार पत्ता म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. १९२.१६८.१.१ हे झालं त्या आकड्याचं माणसाला वाचता येईल असं लेखन: ३२ बिटांचे आठ-आठचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधला, मध्ये टिंब. नेटवर्कवरून पॅकेट जातं तेव्हा त्यात टिंबं नसतात, आकडाच असतो.

म्हणजे आपल्यासमोर दोन वस्तू आहेत. एक, माणसाने लिहिलेला मजकूर. दुसरी, यंत्राला त्यातून समजलेला आकडा. 'पत्ता बरोबर आहे का' या प्रश्नाचा खरा अर्थ असा: या मजकुरातून नेमका एकच आकडा निघतो का, आणि आपल्या व्यवस्थेतला प्रत्येक भाग तोच आकडा काढतो का? आजचं सगळं भाषण या एका प्रश्नावर आहे.

रेगेक्स लावून टाकू

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेगेक्स. 'एक ते तीन अंक, मग टिंब' असं तीनदा आणि शेवटी पुन्हा एक ते तीन अंक. हा नमुना ९९९.९९९.९९९.९९९ लाही पास करतो. मग कुणीतरी सुधारतं: दोनशे पन्नास ते पंचावन्नसाठी एक फांदी, दोनशे ते एकोणपन्नाससाठी दुसरी, बाकीच्यांसाठी तिसरी. ओळ लांबते आणि महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. नमुन्याच्या शेवटी 'इथे मजकूर संपला पाहिजे' ही खूण लावायची राहिली, तर बरोबर पत्ता आणि त्यापुढे काहीही, असा मजकूर पास होतो. राउटरच्या पानावर 'पिंग करून पाहा' अशी चौकट असते ना? तिथे पत्त्यापुढे अर्धविराम टाकून दुसरीच कमांड चिकटवायची, हा हल्ल्याचा फार जुना प्रकार आहे. आणि खूण लावली तरी पायथनमध्ये डॉलरची खूण शेवटी आलेली एक नवी ओळ चालवून घेते. पत्ता अधिक एंटर, तरीही पास. तो मजकूर एका ओळीत एक पत्ता असलेल्या फाइलमध्ये गेला की यादीत रिकामी ओळ येते, आणि रिकाम्या ओळीचा अर्थ पुढचा प्रोग्रॅम काय लावेल, ते त्याच्या मर्जीवर.

तोडा आणि आकडा करा

दुसरं उत्तर जास्त समजूतदार वाटतं. टिंबांवर मजकूर तोडायचा, चार तुकडे आले का बघायचं, प्रत्येकाचा पूर्णांक करायचा आणि तो ० ते २५५ मध्ये आहे का तपासायचं. पाच ओळींत काम होतं. पण पायथनचं 'इंट' हे फंक्शन फार मोकळ्या मनाचं आहे. त्याला तुकड्याच्या आजूबाजूची मोकळी जागा चालते, पुढे अधिकचं चिन्ह चालतं, उणे शून्यही चालतं. अंकांच्या मध्ये अंडरस्कोर टाकला तरी चालतो, एक अंडरस्कोर शून्य म्हणजे दहा.

आणि आता त्या सूचनेकडे येऊ. 'इंट'ला देवनागरी अंकही चालतात! मराठी कीबोर्डवरून १२ टाइप केलं तरी त्याचं उत्तर बाराच येतं. पायथनच्या रेगेक्समधली अंकाची खूणही, वेगळं सांगितलं नाही तर, देवनागरी, बंगाली, अरबी असे सगळे अंक मान्य करते. जावास्क्रिप्टमधली तीच खूण फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखते. म्हणजे ब्राउझरमधली तपासणी एक म्हणते आणि सर्व्हरवरची दुसरंच.

तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की, मराठी अंक चालतात! माणसासाठी चांगलं आहेच. आपल्या आईने मराठी कीबोर्डवरून आकडा टाकला तर तो समजून घ्यावा, या मताची मी आहे. पण समजून घेतल्यावर प्रोग्रॅमने तो आपल्या एकाच रूपात आणला पाहिजे. तपासणी 'ठीक आहे' म्हणाली आणि मूळ देवनागरी मजकूर तसाच फायरवॉलच्या फाइलमध्ये गेला, तर फायरवॉलला तो वाचता येणार नाही. पडद्यावर 'सेव्ह झालं' अशी हिरवी पट्टी दिसेल आणि नियम लागूच झालेला नसेल. हिरवी पट्टी बघून माणूस निर्धास्त झोपी जातो, वाईट ते हे आहे.

पायथनच्या 'आयपीॲड्रेस' मॉड्यूलमध्ये प्रत्येक तुकडा साध्या इंग्रजी अंकांचाच आहे ना, याची वेगळी तपासणी मुद्दाम ठेवलेली आहे, ती याच कारणासाठी.

पुढे लावलेल्या शून्याची भानगड

आता टर्मिनल उघडा आणि लिनक्सवर 'पिंग १२७.१' करून बघा. चालतं! उत्तर १२७.०.०.१ वरून येतं, म्हणजे तुमच्याच संगणकावरून. आता २१३०७०६४३३ या सलग आकड्याला पिंग करा. पुन्हा तोच पत्ता. १२७ ला २५६ च्या घनाने गुणा, एक मिळवा, हाच आकडा येतो.

हा वारसा १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सचा. त्यातलं मजकुरावरून पत्ता काढणारं फंक्शन चार तुकडे घेतं, तीन घेतं, दोन घेतं, एकही घेतं. शेवटच्या तुकड्याने उरलेली जागा भरायची, असा त्याचा नियम. शिवाय सी भाषेच्या सवयीनुसार तुकड्यापुढे शून्य असेल तर तो अष्टमान पद्धतीतला आकडा, आणि शून्य-एक्स असेल तर सोळामान. त्यामुळे ०१७७.०.०.१ म्हणजे चौसष्ट अधिक छप्पन्न अधिक सात, म्हणजे पुन्हा १२७.०.०.१.

पण साध्या माणसाला विचारा, ०१७७ म्हणजे किती? तो म्हणेल एकशे सत्त्याहत्तर. अनेक लायब्रऱ्याही तेच म्हणत होत्या. इथे दोन अर्थांची फूट पडली.

ही फूट २०२१ मध्ये एकापाठोपाठ एक अशी बाहेर आली. मार्चमध्ये नोडच्या जगातलं 'नेटमास्क' हे पॅकेज सापडलं. हजारो प्रकल्प ते वापरत होते, आणि ते ०१७७ ला एकशे सत्त्याहत्तर समजत होतं. मग पायथनचं 'आयपीॲड्रेस', मग रस्ट, मग गो. पायथनची गोष्ट तर मजेशीर आहे. आधी ते मॉड्यूल संदिग्ध शून्य नाकारत होतं, ३.८ मध्ये ते उदार झालं, आणि ३.९.५ मध्ये पुन्हा कडक करावं लागलं. गोने १.१७ पासून असे पत्ते नाकारायला सुरुवात केली. जँगोनेही त्याच वर्षी आपली तपासणी दुरुस्त केली.

एवढा गाजावाजा कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगते. तुमच्या सर्व्हरवर 'फोटोची लिंक द्या, आम्ही तो आणून लावतो' अशी सोय आहे. लिंक आतल्या नेटवर्कमधली नसावी म्हणून तुम्ही दारावर रखवालदार ठेवला. हल्लेखोराने ०१७७.०.०.१ दिला. रखवालदाराने वाचलं १७७.०.०.१, म्हणाला, बाहेरचा पत्ता आहे, जाऊ द्या. पुढे लिंक उघडणाऱ्या भागाने जुन्या नियमाने वाचलं १२७.०.०.१, आणि तो स्वतःच्याच घरात शिरला. क्लाउडवरच्या मशीनवर तर धोका आणखी मोठा असतो. तिथे १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मशीनची स्वतःची माहिती मिळते, कधी कधी तात्पुरत्या चाव्यासुद्धा. तोच पत्ता २८५२०३९१६६ असाही लिहिता येतो. तुमची यादी टिंबवाल्या मजकुराशी तुलना करत असेल तर तिला हा ओळखूच येणार नाही.

रखवालदाराच्या जागी तो ठीक होता, लिंक उघडणारा त्याच्या जागी ठीक होता. दोघांनी एकाच मजकुराचे दोन अर्थ लावले, एवढंच झालं.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांनी १९८० साली एक तत्त्व मांडलं होतं. त्याचा आशय असा की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. त्या काळी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलते व्हावेत, ही मोठी गरज होती, आणि त्या उदारपणामुळेच जाळं वाढलं. पण प्रत्येकाची उदारता वेगळी असते. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये याच तत्त्वाचा फेरविचार केलेला आहे. जिथे सुरक्षेचा निर्णय होतो, तिथे अंदाजाने अर्थ लावणं महागात पडतं.

आयपीव्ही६ आणि वडोदऱ्याचे काका

आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. सोळामानातल्या चार-चार अंकांचे आठ गट, मध्ये विसर्गासारखं चिन्ह. सलग शून्यांचे गट गाळून तिथे दोन विसर्ग ठेवता येतात, पण पत्त्यात एकदाच. दोनदा ठेवले तर कुठे किती शून्यं गेली, ते कळणार नाही.

गंमत अशी की २००१:डीबी८::१ आणि २००१:०डीबी८:०:०:०:०:०:०००१ हे एकच आहेत. अक्षरं मोठ्या लिपीत लिहिली तरी तोच पत्ता. त्यामुळे बंदी घातलेल्या पत्त्यांची यादी तुम्ही मजकूर म्हणून ठेवली असेल, तर एक शून्य वाढवून माणूस आत येतो. प्रमाण लेखन कसं करावं, हे २०१० च्या आरएफसी ५९५२ ने सांगितलं आहे: अक्षरं लहान, पुढची शून्यं नाहीत, आणि शून्यांची सर्वांत लांब रांग गाळायची.

आता या बाजूची तक्रार. वडोदऱ्याचे एक ओळखीचे काका हिशेबनीस आहेत. त्यांच्या एका ग्राहकाने वापरात आणलेल्या खासगी सॉफ्टवेअरमध्ये कार्यालयाचा आयपी ॲड्रेस नोंदवायचा होता, म्हणजे बाहेरून कुणाला हिशेब बघता येऊ नयेत. काकांनी ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधलं, आलेला पत्ता चिकटवला. लाल अक्षरं: 'वैध पत्ता टाका.' तीनदा करून त्यांनी मला फोन केला. "अगं, माझा पत्ताच चुकीचा आहे म्हणतंय बघ हे."

मी म्हटलं, "काका, पत्ता बरोबर आहे तुमचा. त्या फॉर्मला तो वाचता येत नाही."

त्यांचा पत्ता आयपीव्ही६ चा होता. फॉर्म लिहिणाऱ्याने चार टिंबवाले आकडेच पत्ता असतो, असं धरलं होतं. मोबाइल डेटाच्या बाबतीत भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच आयपीव्ही६ घेऊन. अशा देशात ही चौकट लाखो लोकांना खोटं पाडते.

पण गोष्ट इथे संपली नाही. तोवर कुणीतरी काकांना दुसऱ्या संकेतस्थळावरून आयपीव्ही४ चा पत्ता काढून दिला होता. फॉर्मने तो लगेच घेतला, हिरवी पट्टीही आली. तो पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीचा, तिच्या अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला सामाईक पत्ता होता. पत्ते अपुरे पडतात म्हणून कंपन्या एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक घरं ठेवतात. म्हणजे हिशेबांचं दार काकांसोबत त्या सगळ्यांसाठी उघडलं. खरा पत्ता नाकारून फॉर्मने काकांना त्याहून वाईट पत्त्याकडे ढकललं. तिथे आयपीव्ही६ चा पट्टा, म्हणजे पहिले ६४ बिट, नोंदवण्याची सोय हवी होती, कारण उरलेला अर्धा भाग संगणक खासगीपणासाठी अधूनमधून बदलत राहतो.

डेटाबेसमध्येही असंच होतं. पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा ठेवलेला असतो, कारण आयपीव्ही४ तेवढ्यात बसतो. आयपीव्ही६ ला ३९ लागतात, आणि शेवटी आयपीव्ही४ जोडून लिहिला तर ४५. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. अर्धवट कापलेले पत्ते १८० दिवस जपून कुणाला काय मिळणार?

मग करायचं काय

एक. मजकुराची तपासणी स्वतः लिहू नका, तो पार्स करा. म्हणजे ज्या फंक्शनने आकडा निघतो, त्यालाच विचारा. पायथनमध्ये 'आयपीॲड्रेस' मॉड्यूल, सी मध्ये आयनेट-पी-टू-एन, गोमध्ये 'नेटआयपी' पॅकेज, नोडमध्ये 'नेट' मॉड्यूलचं 'इज-आयपी'. जुनं आयनेट-ॲड्र टाळा. ते चूक झाली की उणे एक देतं, आणि २५५.२५५.२५५.२५५ या खऱ्या पत्त्यालाही तेच बिट येतात. जावामध्ये नावावरून पत्ता काढणारं फंक्शन तपासणीसाठी वापरू नका. मजकूर पत्ता नसेल तर ते त्याला नाव समजून डीएनएसला विचारायला जातं.

दोन. आकडा निघाला की मूळ मजकूर सोडून द्या. पुढे जिथे जिथे मजकूर लागेल तिथे आकड्यावरून पुन्हा छापून घ्या. तुलना आकड्यांची करा. पोस्टग्रेसमध्ये 'आयनेट' नावाचा खास प्रकार आहे, तो वापरा.

तीन. आयपीव्ही६ मध्ये लपलेला आयपीव्ही४ बाहेर काढा. ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ हा दिसायला आयपीव्ही६, पण बंदीच्या यादीशी ताडताना त्यातला आयपीव्ही४ बघायचा.

चार. टक्क्याच्या चिन्हाकडे लक्ष द्या. एफई८० ने सुरू होणाऱ्या स्थानिक पत्त्यांपुढे टक्का आणि नेटवर्क कार्डाचं नाव लिहिता येतं. पायथनचं मॉड्यूल ३.९ पासून ते घेतं, आणि टक्क्यानंतर जवळपास काहीही चालवून घेतं. पुन्हा छापल्यावरही तो भाग राहतो. तुम्हाला त्याची गरज नसेल तर टक्का असलेला मजकूर सरळ नाकारा.

पाच. लेखन बरोबर असणं आणि पत्ता तुमच्या कामाचा असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून वेगवेगळे विचारा. १९२.०.२.१ चं लेखन निर्दोष आहे, पण तो पट्टा पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे.

सहा. नाकारताना कारण सांगा. 'वैध पत्ता टाका' यातून काकांना काय कळलं? 'इथे सध्या आयपीव्ही६ घेता येत नाही' किंवा 'दुसऱ्या भागात २५५ पेक्षा मोठा आकडा आहे' असं सांगितलं तर माणूस स्वतःला दोष देत बसत नाही. चिकटवताना आलेली आजूबाजूची मोकळी जागा मात्र निमूटपणे काढून टाका. त्यात अर्थ बदलत नाही.

दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, ब्राउझरमध्ये तपासलं तर सर्व्हरवर कशाला? ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती वगळून थेट सर्व्हरला मजकूर पाठवता येतो, म्हणून निर्णय सर्व्हरवरच झाला पाहिजे. दुसरा, मग रेगेक्स कधीच वापरायचं नाही का? लॉगच्या ढिगातून पत्त्यासारखं दिसणारं काही शोधायचं असेल तर खुशाल वापरा. सापडलेला प्रत्येक तुकडा मात्र पार्सरकडे द्या, नाहीतर १.२.३.४ अशी एखादी आवृत्ती क्रमांकाची नोंदही पत्ता म्हणून मोजली जाईल.

घरी करायला थोडा अभ्यास देते. तुमच्या चालू प्रोग्रॅममधल्या अशा चौकटीत हे आठ मजकूर टाकून बघा: १२७.१, ०१०.८.८.८, २१३०७०६४३३, देवनागरी अंकांतला कोणताही पत्ता, शेवटी नवी ओळ असलेला पत्ता, ::१, ::एफएफएफएफ:१२७.०.०.१, आणि २००१:डीबी८::१ चं लांबलचक रूप. प्रत्येकासमोर दोन रकाने करा, तपासणीला काय समजलं आणि प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या भागाला काय समजलं. ०१०.८.८.८ समोर एका रकान्यात १०.८.८.८ आणि दुसऱ्यात ८.८.८.८ आलं, तर त्याच दिवशी दुरुस्ती करा. पहिला घरातला खासगी पत्ता आहे, दुसरा गूगलची जगाला खुली असलेली डीएनएस सेवा.

तुमच्या रकान्यांत काय आलं ते व्हिडिओखाली नक्की लिहा.